केन्नाचो अली? वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियनांची फाईट लावायची कशी

आमच्या फोंड्यात मार्केटच्या मागे एक जुनं टॅव्हर्न आहे. रविवारी संध्याकाळी तिथे चार-पाच टाळकी जमतात आणि अख्खा गोवा फुटबॉलवर भांडत असताना ही मंडळी बॉक्सिंगवर भांडतात, म्हणजे जो लुईस आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण पडला असता यावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं की टायसन अलीला दोन राउंडात झोपवेल, विषय संपला. तिथे एक काका बसतात, तारवटी, सगळी उमर जहाजावर गेली, आता रिटायर. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे कोंकणीत विचारलं, "केन्नाचो अली?" म्हणजे कधीचा अली? मी म्हटलं केन्नाचो म्हणजे काय, अली म्हणजे अली. "ना रे बाबा. केन्नाचो?"

मला उत्तर देता आलं नाही आणि त्या दिवशीच्या भज्यांचं बिल माझ्यावर आलं.

तेव्हापासून बरंच बघितलं, बरंच ऐकलं, बरीच बिलं भरली. आता नवीन पोरं येतात आणि तीच चूक करतात म्हणून हे लिहून ठेवतोय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात आहे हे सगळं, कबूल, पण कढी तरी नीट व्हावी की नाही.

आधी साल ठरवा

नाव घेऊन भागत नाही, नावासोबत साल घ्यायचं, जमलं तर ती फाईटच घ्यायची. अली एक नाही, निदान चार आहेत. १९६४ मध्ये मायामी बीचवर सनी लिस्टनला खुर्चीतच बसवून ठेवणारा २२ वर्षांचा क्ले, हे त्याचं आधीचं नाव. १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन राउंडात संपवणारा अली, ज्याच्या पायाला जमीन लागत नव्हती. मग सैन्यात जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढून परत आलेला आणि मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून हरलेला अली, ज्याचे पाय आता तसे राहिले नव्हते म्हणून तो अंगावर मार घ्यायला शिकला. आणि १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर नुसता उभा राहिलेला ३८ वर्षांचा अली, तो तर वादात आणूच नका, पाप लागेल.

जॉर्ज फोरमनचं तर अजून मजेशीर. १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दोन राउंडात सहा वेळा पाडणारा फोरमन आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या राउंडला आडवा करून परत चॅम्पियन झालेला फोरमन, हे दोन वेगळे माणूस धरा. पहिला रागीट, घाईचा, पाच-सहा राउंडांनंतर दमणारा. दुसरा जाडा, संथ, पण डोकं थंड ठेवून वाट बघणारा. मला विचाराल तर काही लोकांविरुद्ध म्हातारा फोरमन जास्त डेंजर.

टायसन म्हणाल तर १९८८ चा घ्या, जूनमध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवला तो. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरला तो टायसन अवघा २३ वर्षांचा होता, म्हणजे वय काहीच नाही, पण तयारी नव्हती. त्यामुळे सालाचा अर्थ वय नाही, तर त्या वेळी माणूस किती तयार होता ते.

एक बारीक गोष्ट, टायपिंग करणाऱ्यांसाठी: नुसतं लुईस लिहू नका. जो लुईस १९३७ ते १९४९ चा चॅम्पियन, लेनॉक्स लुईस नव्वदच्या दशकातला आणि २००० नंतरचा सहा फूट पाच इंची ब्रिटिश. देवनागरीत दोघंही लुईसच होतात आणि आमच्याकडे एकदा अर्धा तास दोन माणसं दोन वेगळ्या लुईसवर भांडत होती, दोघंही बरोबर होते. दुसरा एक पोरगा जॅक डेम्पसीचं नाव ऐकून म्हणाला की डेम्पो तर फुटबॉल क्लब आहे ना. त्याला माफ केलं, गोव्यात जन्मलाय.

मग नियम कोणाचे

ही पायरी सगळे गाळतात आणि खरी गंमत इथेच आहे.

आज टायटल फाईट १२ राउंडांची. पूर्वी १५ ची होती. १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या फाईटनंतर कोरियाचा डुक कू किम वारला आणि मग एकेक संघटनेने राउंड कमी केले, १९८८ पर्यंत सगळीकडे १२ झाले. त्याच्याही आधी जॅक जॉन्सनच्या काळात ४५ राउंड ठरवून लढायचे, १९१५ मध्ये हवानात जेस विलर्डने त्याला पाडलं ते २६ व्या राउंडला, भर उन्हात.

तीन राउंडांनी काय फरक पडतो असं वाटत असेल तर दोन फाईटी सांगतो. जून १९४१, जो लुईसविरुद्ध बिली कॉन, बघायला गेलं तर लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या वजनगटाचा माणूस. बारा राउंड झाले तेव्हा जजांच्या तीनपैकी दोन गुणकार्डांवर कॉन पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. तेराव्यात तो नॉकआउटच्या मागे लागला आणि स्वतःच झोपला. दुसरी, सप्टेंबर १९५२, रॉकी मार्सियानोविरुद्ध जर्सी जो वॉलकॉट. बारा राउंडांनंतर वॉलकॉट तिन्ही कार्डांवर पुढे. तेराव्या राउंडला मार्सियानोचा उजवा बसला आणि वॉलकॉट दोरीला हात लटकवून घसरत खाली गेला, फोटो बघा, चेहराच वेडावाकडा झालाय. म्हणजे आजच्या नियमांत त्या रात्री जो लुईसचं टायटल गेलं असतं आणि मार्सियानोला टायटल मिळालंच नसतं. मग त्याचं ४९-० (४९ विजय, एकही हार नाही) कुठलं आणि काय कुठलं.

तसंच न्यूट्रल कॉर्नर, म्हणजे समोरचा पडला की पाडणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, तोवर रेफरी मोजत नाही. १९१९ मध्ये डेम्पसीने विलर्डला पहिल्याच राउंडात सात वेळा पाडलं, त्यात तो पडलेल्या माणसाच्या डोक्याशीच उभा राहायचा, उठतोय असं दिसलं की परत हाणायचा, आणि ते चालायचं. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडलं तेव्हा नियम बदलला होता, डेम्पसी आधी कोपऱ्यात गेलाच नाही, रेफरीने मोजायला उशीर केला, टनीला चारेक सेकंद जास्त मिळाले, तो उठला आणि फाईट जिंकला. एकच माणूस आणि एकच सवय, नियम बदलला आणि निकाल फिरला.

तेव्हा बोलायच्या आधी ठरवून घ्या: राउंड किती, ग्लोव्ह्ज कुठले (आता हेवीवेटना १० औंसचे, जुने त्याहून हलके), कोपऱ्याचा नियम आहे की नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाइम मशीन की पुनर्जन्म? म्हणजे जो लुईसला १९३८ मधून उचलून जसाच्या तसा आजच्या रिंगमध्ये टाकायचा, की तो आज जन्मला, आजचं खाणं, आजची जिम, आजचे ट्रेनर मिळाले असं धरायचं? दोन्ही चालतं, पण मध्येच एकातून दुसऱ्यात उडी मारायची नाही. हरायला लागला की लोक पटकन पुनर्जन्म घेतात. आम्ही त्याला रिक्षा बदलणं म्हणतो.

वजन-उंचीचं भूत

नवीन माणूस पहिल्यांदा उंची-वजनाचं टेबल काढतो आणि म्हणतो विषय संपला. ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरी (माइक टायसन वेगळा) सहा फूट नऊ, मार्सियानो पाच फूट दहा आणि साधारण ८४ किलो, आजच्या हिशोबाने तो हेवीवेटसुद्धा नाही, त्याच्या खालच्या क्रूझरवेट गटाची लिमिट ९०.७ किलो आहे.

पण विलर्ड १११ किलो होता आणि डेम्पसी ८५, काय झालं ते वर सांगितलंच. प्रिमो कार्नेरा डोंगराएवढा होता, १९३४ मध्ये मॅक्स बेअरने त्याला अकरा वेळा पाडलं. हे सगळं जुनं म्हणाल तर मे २०२४, रियाध: ओलेक्सांद्र उसिक साधारण १०१ किलो, फ्युरी ११९ च्या आसपास, जिंकला उसिक, डिसेंबरमध्ये परत जिंकला.

म्हणजे वजनाला अर्थ नाही का? आहे की. मोठा माणूस आळशी आणि कच्चा असेल तर वजन उपयोगाचं नाही, पण मोठा माणूस शिकलेला असेल तर फार अवघड. लेनॉक्स लुईसला जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) येत होता, अंतर राखता येत होतं, क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून धरल्यावर, अंगावर रेलून समोरच्याला दमवता येत होतं. त्याच्यासमोर मार्सियानो आत शिरणार कसा हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही, आणि मी मार्सियानोचा माणूस आहे.

रेकॉर्ड वाचताना वय वाचा

मार्सियानो ४९-०, ४३ नॉकआउट. भारीच आहे. पण समोर कोण होतं? १९५१ मध्ये जो लुईस ३७ वर्षांचा, टॅक्सच्या कर्जापायी परत आलेला. वॉलकॉट ३८ वर्षांचा. आर्ची मूरचं जन्मसालच वादात, पण तोही चाळिशीच्या आसपास. याने मार्सियानो लहान होत नाही, कारण समोर आला त्याला त्याने पाडला, अजून काय करायचं माणसाने. पण "कधीच हरला नाही" एवढ्यावर वाद थांबवता येत नाही एवढंच.

उलटी बाजू पण बघा, कोणाला संधीच दिली नाही. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरला, त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईस येईपर्यंत एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट टायटलची फाईट मिळाली नाही. बावीस वर्षं. हॅरी विल्स वर्षानुवर्षं डेम्पसीच्या मागे होता, ती फाईट झालीच नाही. डेम्पसीला पहिल्या पाचात बसवताना हे लक्षात असू द्या.

आणि लेनॉक्स लुईससारख्यांचा हिशोब वेगळा, तो दोनदा हरला, १९९४ मध्ये ऑलिव्हर मकॉलकडून, २००१ मध्ये हसीम रहमानकडून, दोन्ही वेळा नॉकआउट, आणि दोघांनाही परत भेटून हरवलं. माझ्या लेखी हे न हरण्यापेक्षा फार कमी नाही.

याने त्याला हरवला, म्हणून

हा सगळ्यात पॉप्युलर गुन्हा. फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला चिरडलं, केन नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला, फोरमनने १९७४ मध्ये नॉर्टनला दोन राउंडात उडवलं. या गणिताने फोरमनने अलीला मारूनच टाकायला हवं होतं, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला सगळे तसंच समजून चालले होते. झालं काय तर अली दोरीला टेकून मार हातांवर झेलत राहिला, फोरमन दमला आणि आठव्या राउंडला खाली बसला.

का? तर फ्रेझर वाकून, झुलत सरळ आत यायचा आणि फोरमनचा अपरकट, खालून वर येणारा ठोसा, नेमका तिथेच वाट बघत असायचा. अली आत येतच नव्हता. कोण कोणापेक्षा मोठा यापेक्षा कोणाची सवय कोणाच्या हाताखाली येते ते बघायचं. आपल्याकडे फुटबॉलवाल्यांना हे लगेच कळतं: ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात आणि समोर सुनील छेत्री पेनल्टी घेतोय, तर दोघांचे पुरस्कार मोजत बसत नाही कोणी, छेत्री कुठल्या बाजूला मारतो आणि ब्रह्मानंद आधी हलायचा की थांबायचा यावर बोलतात.

कॉम्प्युटरचं तर नावच नको. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओ प्रोड्युसरने कॉम्प्युटरमध्ये सगळ्या चॅम्पियनांची स्पर्धा लावली, त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला, अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. त्यातून शेवटी १९६९ मध्ये अली आणि रिटायर झालेला मार्सियानो खरोखर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, मार्सियानोने वजन उतरवलं, डोक्यावर विग घातला, आणि वेगवेगळे शेवट शूट झाले. अमेरिकेत दाखवलं त्यात तेराव्या राउंडला मार्सियानो जिंकतो. तो शेवट बघायला मार्सियानो राहिलाच नाही, ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला. तर गेममध्ये सिम्युलेशन चालवून स्क्रीनशॉट आणणाऱ्यांनो, तुमच्या आधी हे करून झालंय.

फाईट बघायची ती अशी

हायलाइट बघू नका. हायलाइटमध्ये सगळेच देव असतात. ज्याच्या बाजूने बोलायचंय त्याची अडचणीची फाईट आधी बघा. अलीसाठी १९६३ ची हेन्री कूपर, चौथ्या राउंडला डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) खाली बसलाय. टायसनसाठी डग्लस. व्लादिमीर क्लिचकोसाठी २००३ ची कोरी सँडर्स. माणूस कुठे तुटतो ते कळलं की त्याला तोडणारा कोण ते आपोआप शोधता येतं.

कमेंटरी बंद करा. एक राउंड नुसते पाय बघा, दुसऱ्यांदा तोच राउंड नुसता डावा हात बघा. अगदी जुन्या मुक्या फिल्म हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याच्या आहेत, चुकीच्या स्पीडने लावल्या की माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळतात, त्यावरून "हे काय बॉक्सिंग" म्हणायचं नाही.

एक मॅच लावून बघू

१९६६ चा अली, २०२४ चा उसिक. १२ राउंड, आजचे नियम, टाइम मशीन. ही मुद्दाम घेतोय कारण यात उंची-वजनाचं भूत नाही: दोघंही सहा फूट तीन, दोघांचा रीच (पसरलेल्या हातांची लांबी) ७८ इंच, अली साधारण ९६ किलो. दोघंही ऑलिम्पिक गोल्ड, अली १९६० रोमचा, उसिक २०१२ लंडनचा. मग उरतं काय, तर उसिक डावखुरा आहे.

डावखुऱ्याचं काय असतं ते मला काकांनी टेबलावर दाखवलं. एका उंड्याचे, म्हणजे गोव्यातल्या गोल पावाचे, चार तुकडे केले, दोन अलीचे पाय, दोन उसिकचे. अलीचा डावा पाय पुढे, उसिकचा उजवा पुढे, म्हणजे दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेरून पडला त्याचा मागचा हात सरळ रेषेत आला, आणि समोरचा मात्र वळल्याशिवाय मारू शकत नाही. काकांनी उसिकचा तुकडा अलीच्या तुकड्याच्या बाहेर सरकवला आणि म्हणाले, हे तो रात्रभर करतो. खरंच, फ्युरीची पहिली फाईट बघा, तेच चाललंय, नवव्या राउंडला फ्युरी दोऱ्यांवर आपटत फिरतोय.

अलीचे प्रॉब्लेम: डावा हात खाली ठेवतो, आणि ठोसा चुकवायला सरळ मागे झुकतो. मागे झुकणाऱ्याला लांब सरळ डावा सापडतो. शिवाय अली अंगावर मारत नाही, पोटात तर जवळजवळ नाहीच, आणि उसिक अडचणीत दिसला तो अंगावरच्या माऱ्यानेच, २०२३ मध्ये डॅनियल डुबॉईसच्या ठोशावर तो कळवळून खाली गेला, रेफरीने तो पट्ट्याखाली, म्हणजे नियमबाह्य, दिला, त्यावर अजून भांडण आहे. म्हणजे जिथे दुखतं तिथे अली मारणारच नाही.

आणि पुरावा? सप्टेंबर १९६६, फ्रँकफर्ट, कार्ल मिल्डेनबर्गर. हेवीवेट टायटलसाठी लढलेला पहिला डावखुरा. नेमका आपल्याला हवा तो अली, त्याच वर्षातला. बघितलीत तर दिसेल की अलीला ते कोडं पटकन सुटत नाही, जॅब नेहमीसारखा लागत नाही, बाराव्या राउंडपर्यंत जावं लागलं थांबवायला. आणि मिल्डेनबर्गर काही उसिक नाही.

पण पाडला त्याला, हेही तितकंच खरं, आणि पाडला उजव्या हाताने. डावखुऱ्यावर सरळ पहिलाच उजवा टाकणं, जॅब न लावता, हे अलीकडे होतं, किन्शासाला पहिल्या राउंडला फोरमनवर, तो डावखुरा नसतानाही, त्याने तेच केलं. त्या वेगाचा उजवा उसिकने हेवीवेटमध्ये कधी बघितलेला नाही. माझं मत: पहिले चार राउंड उसिकचे, मधले अलीचे, शेवटी उसिक नेहमीप्रमाणे स्पीड वाढवतो पण इथे समोरचाही दमत नाही. अली, पॉइंट्सवर, ७-५. पंधरा राउंड दिलेत तर अजून खात्रीने अली.

हे सगळं मी गेल्या महिन्यात टॅव्हर्नमध्ये मांडलं, साल सांगितलं, नियम सांगितले, मिल्डेनबर्गर काढला, आणि वाटलं की या वेळी तरी भज्यांचं बिल दुसऱ्याकडे जाणार. काका सगळं ऐकून म्हणाले की बरोबर आहे, पण तुझा अली २४ वर्षांचा आणि उसिक ३७ चा, दोघांचा वाढदिवस एकच, १७ जानेवारी, मध्ये ४५ वर्षं, तर मग बरोबरीचाच घ्यायचा असेल तर सांग ना, केन्नाचो उसिक?

मी २०१८ म्हणायला तोंड उघडलं, मॉस्कोत क्रूझरवेटची सगळी टायटलं एकत्र केली तो, आणि लक्षात आलं की मग वजन बदललं, म्हणजे परत पहिल्या पायरीपासून. तेवढ्यात काकांनी उसिकचा उजवा पाय उचलला, पातळ भाजीत बुडवला आणि खाल्ला.